कारण विचारलं जाणार नाही

दुकानातली जुनी पाटी काढायला मी स्टुलावर चढलो, तेव्हा समोरच्या कापडवाल्यांनी धंदा बंद करताय का म्हणून विचारलं. शेजारच्या पेढेवाल्यांनी सुचवलं की दुकान विकायचं असेल तर आधी घरच्या माणसांच्या कानावर घालावं. घरची माणसं म्हणजे ते स्वतः. मी दोघांनाही सांगितलं की फक्त पाटी बदलतोय. यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. शिराळ्याच्या पेठेत पाटी अशी उगाच कोणी बदलत नाही.

ती पाटी माझ्या वडिलांनी रंगवून घेतली होती. ‘एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही.’ आमचं भांड्यांचं दुकान. आजोबा सुऱ्या-विळ्यांना धार लावायचे, वडिलांनी भांडी विकायला घेतली, आणि मी, जैनुद्दीन शिकलगार, भांडी विकतो व त्यांच्यावर नावं घालतो. या दुसऱ्या कामाबद्दल मला थोडा अभिमान आहे, तो इथंच सांगून टाकतो. लग्नात आहेर द्यायचा तर भांड्यावर कोणाकडून कोणाला हे कोरलेलं असावं लागतं, नाहीतर दिलं काय आणि न दिलं काय सारखंच. आमच्या तालुक्यात निम्म्या घरांतल्या हंड्या-कळश्यांवर माझं अक्षर आहे. शाळेत याच अक्षरासाठी मी मार खाल्ला होता, पण मास्तरांच्या घरच्या समईवर आज तेच आहे.

पाटी बदलायला लावली माझ्या मुलीनं. झोया सांगलीहून धंद्याचं शिक्षण घेऊन आली आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. काम काय, तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. तक्रारी ऐकायला एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे, असं माझ्या मनात आलं, पण मी म्हणालो, “तुझी मर्जी.” ती म्हणाली, लग्नसराईपुरती दुकानात बसून बघते आणि मग काय ते ठरवते. त्यावरही मी “तुझी मर्जी” एवढंच म्हणालो. खरं तर तिनं दुकानात राहावं याखेरीज त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं. पण आमच्या घरात पुरुषांनी असलं बोलायची पद्धत नाही. माझे वडील मला जेवलास का हेसुद्धा आईमार्फत विचारायचे.

झोयानं गादीवर बसताच पहिला विषय पाटीचा काढला. ती म्हणाली, खराब माल परत घ्यायचा नाही असं आपण म्हणूच शकत नाही, तिथं कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे. मी म्हणालो, आपला माल खराब नसतो. ती म्हणाली, चांगला माल नुसता पसंत नाही म्हणून परत घ्यायची दुकानदारावर सक्ती नाही. पण जो आपणहून घेतो त्याच्याकडं लोक परत परत येतात. मात्र एकदा शब्द दिला की तो पाळावा लागतो. मला एवढंच कळलं की जे करायची सक्ती नाही ते आपण करणार आहोत आणि मग त्याचीच सक्ती होणार आहे. मी म्हणालो, तुझी मर्जी.

नवी पाटी अशी होती: ‘पसंत पडलं नाही तर परत आणा. कारण विचारलं जाणार नाही.’

सुरुवातीला लोक नुसतेच वाचायला येत. आमच्या दुकानाबाहेर एक बाक आहे आणि त्याच्यावर फौजेतले माजी हवालदार लालासाहेब असतात. ते माझे शाळेपासूनचे दोस्त. सकाळी उसाला चक्कर मारून येतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत बाकावर बसून पेठेची पाहणी करतात. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि मत दिलं, “जैनू, हे लय वंगाळ झालं. परत घेतो म्हणलं की मालात खोट हाय आसं वाटतंय.” खरोखरच त्या आठवड्यात विक्री घटली. लोक कढई हातात घेत, पाटीकडं बघत आणि कढई हळूच खाली ठेवत.

मग एक बाई कुकर घेऊन आल्या. झोयानं हसून कुकर घेतला, बदल्यात दुसरा हवा की पैसे हवेत ते विचारलं आणि व्यवहार संपवला. बाई जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, “कारन इचारा की.” झोया म्हणाली, आम्ही कारण विचारत नाही. बाईंचा चेहरा उतरला. एवढं चालत यायचं, वाटेत सगळी जुळवाजुळव करायची, आणि कोणी विचारायचंच नाही, हा त्यांना अपमान वाटला. त्या बाहेर पडल्या आणि बाकावर लालासाहेबांच्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. सासू म्हातारी, तिला शिट्टी झाली की पोलिसांची गाडी आली असं वाटतं, वगैरे. लालासाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि सासूच्या बाजूनं निकाल दिला.

त्या दिवसापासून आमच्या दुकानाचे दोन विभाग झाले. आत माल परत घेतला जाई आणि बाहेर कारण ऐकलं जाई. बाहेरच्या विभागात जास्त गर्दी असे. माझी बायको रहिमतबी दुकानामागच्या घरातून चहा पाठवायची, तो आधी लालासाहेबांपुरता होता, मग तिनं मोठी किटली काढली. काही लोक तर काही परत न करताच कारण सांगायला येऊ लागले. एकानं माझ्या वडिलांच्या काळात घेतलेला तांब्या आणला. त्यांच्याकडं वाटण्या झाल्या होत्या, भाऊ तिघं आणि तांब्या एक. पाटीवर मुदत लिहिली नव्हती, त्यामुळं झोया अडकली. तिनं तांब्या घेतला. एका भावकीनं जेवणावळीचं मोठं पातेलं नेलं आणि तिसऱ्या दिवशी राखेनं लखलखीत घासून, पसंत नाही म्हणून परत आणलं. रहिमतबीनं आत नाक घालून सांगितलं की मटण होतं, आणि मसाला कोणाच्या घरचा होता तेही सांगितलं.

त्यातच आमचे कर सल्लागार बाळासो आले. बाळासोंचं म्हणणं असं की परत आलेल्या प्रत्येक मालाची उलटी पावती करावी लागते, आणि त्यांच्या संगणकात कारण भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी पाटीकडं बोट दाखवलं. बाळासो म्हणाले, संगणकाला पाटी वाचता येत नाही. शेवटी ते बाहेर बाकावर जाऊन लालासाहेबांकडून कारणं उतरवून घेऊ लागले. ‘जावा-जावांचं पटंना’ हे कारण संगणकात बसेना, तेव्हा दोघांत बरीच चर्चा झाली आणि ‘इतर’ असं ठरलं. महिनाअखेर बाळासोंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमच्या दुकानातला बहुतेक माल इतर कारणांनी परत येतो आणि हे वरच्या लोकांना बरं दिसणार नाही.

हे सगळं मी सहन केलं. मी एकदाही ब्र काढला नाही. झोया अधूनमधून माझ्याकडं बघायची, जणू मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटत असावं. मी माझं नाव घालायचं यंत्र घेऊन खाली मान घालून बसायचो. एक शब्द वाकडा गेला आणि पोरगी पुण्याला निघाली तर, ही भीती मला रात्रंदिवस होती.

आणि मग बंब आला.

त्याचं असं झालं की लालासाहेबांच्या बहिणीच्या मुलीचं, अंकिताचं लग्न ठरलं. मामाचा आहेर म्हणजे मांडवात सगळे बघणार. लालासाहेबांनी माझ्याकडचा सगळ्यात मोठा तांब्याचा बंब निवडला. मी म्हणालो, आजकाल पोरींना गरम पाण्याला बटण लागतं. ते म्हणाले, “बटनाचं पानी अंगाला लागत न्हाई रं. आमी सरहद्दीवर बर्फात बंबाच्या पान्यानं आंगुळ केलीया.” मग मजकूर. ‘चि. सौ. कां. अंकिता हीस मामा माजी हवालदार लालासाहेब व मामी सौ. साळूबाई यांजकडून सप्रेम भेट’ एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी पलटणीचं नाव घालायला सांगितलं, मग कुठं कुठं नेमणूक होती ते, मग एक शूर शिपायाचं चित्र. चित्राला मी नकार दिला. तरी मजकूर बंबाच्या पोटाला वेढा घालून जिथून निघाला तिथंच परत येऊन भिडला. ते माझ्या हातचं आजवरचं सर्वांत मोठं काम होतं, आणि मांडवात तो बंब ठेवला तेव्हा लोक त्याच्याभोवती फिरून वाचत होते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, लालासाहेब उसाच्या तोडीला गेलेले बघून, अंकिता आणि तिचा नवरा जयराज बंब घेऊन दुकानात हजर झाले. जयराज तिकडं साताऱ्यापलीकडच्या खंडाळ्याला कारखान्यात आहे आणि दोघं तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही कारण विचारलं नाही, पण तिनं रडत रडत सांगितलंच. फ्लॅटमध्ये बंब पेटवला, धूर जिन्यात गेला, खालच्यांनी आग लागली म्हणून फोन केला. आता सोसायटीनं बंद करायला लावला. “मामांना सांगू नका,” ती म्हणाली. “त्यांना लय वाईट वाटंल.”

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणालो, नाव घातलेला माल परत घेता येत नाही, तो आता दुसऱ्या कोणाला विकताच येणार नाही. झोया म्हणाली, “पाटीवर तसं लिहिलेलं नाही, अब्बा.” आणि तिनं बंब परत घेतला.

दुकानाच्या दारात दिवसभर जो माणूस बसतो त्याच्यापासून त्याच्याच नावाचा बंब लपवायचा कुठं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. माळ्यावर तो जाईना. मजकूर घासून काढावा म्हणून मी पॉलिश पेपर हातात घेतला, पण पहिल्याच अक्षरावर हात थांबला. मला ते जमलं नाही. शेवटी आम्ही तो घरामागच्या मोरीत ठेवला. रहिमतबीला तो इतका आवडला की तिनं रोज पेटवायला सुरुवात केली. लालासाहेब बाकावरून म्हणायचे, “जैनू, तुज्या मागल्या बाजूनं लाकडाचा झकास वास येतोय.” मी म्हणायचो, येत असेल.

एका सकाळी अंकिताचा झोयाला फोन आला. मामा रविवारी पोरीचं घर बघायला येतो म्हणतायत, आणि बंबाच्या पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय परत जाणार नाही असंही म्हणालेत. एका दिवसापुरता बंब मिळेल का. झोयानं लगेच हो म्हणून टाकलं. विकलेला माल परत घ्यायचा आणि परत घेतलेला माल पुन्हा वापरायला न्यायचा, असा व्यवहार माझ्या वडिलांनी स्वप्नातही पाहिला नसता.

मी वाजिदचा टेम्पो ठरवला. बंब पोत्यात घालून, वर दोरी आवळून मागं चढवला. रविवारी पहाटेच निघून, लालासाहेबांची एसटी पोचायच्या आत बंब तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचा, असा बेत होता. आम्ही निघालो, तर चौकात लालासाहेब पिशवी घेऊन उभे. टेम्पो खंडाळ्याकडं चाललाय हे त्यांना वाजिदकडून आदल्या दिवशीच कळलं होतं. “एसटीचं पैसं कशाला घालवू,” म्हणत ते पुढं चढले. पुढं वाजिद, झोया आणि ते बसल्यावर माझ्यापुरती जागा उरली नाही. मी मागं जाऊन बंबाशेजारी बसलो.

रस्ता कराड आणि सातारा मागं टाकून खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडं उतरू लागला, तशी प्रत्येक वळणावर बंबाच्या आतली नळी ठण्ण वाजू लागली. पुढून लालासाहेबांनी विचारलं, मागं काय हाय. मी ओरडून सांगितलं, भांडी हायती. ते खोटं नव्हतं. मग आवाज येऊ नये म्हणून मी दोन्ही हातांनी बंबाला मिठी मारली आणि तशाच अवस्थेत उतार संपवला. मागून येणाऱ्या एका गाडीतल्या पोरांनी माझा फोटो काढला.

खंडाळ्यात पोचल्यावर लालासाहेबांना चहाच्या टपरीवर न्यायचं, तोवर जयराजनं बंब वर न्यायचा, असं झोयानं ठरवलं होतं. पण टेम्पो थांबताच लालासाहेब खाली उतरले, मागं आले, आणि माझ्याकडं बघून म्हणाले की या वयात तू ओझी उचलायची नाहीत. अंकितालाच काही भांडी द्यायची असतील असं धरून, मी अडवायच्या आत त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं होतं. पलटणीत उचललेल्या पेट्यांची आठवण सांगत ते जिना चढू लागले. मी मागोमाग. पहिल्या मजल्यावर पोतं सरकलं. दुसऱ्या मजल्यावर ते खालीच घसरलं आणि बंबाचं पोट त्यांच्या नाकासमोर आलं.

ते थांबले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मजकूर गोल होता, म्हणून बंब हातावर फिरवत फिरवत त्यांनी सगळा वाचला, नेमणुका धरून. माझं अक्षर इतकं सुवाच्य आहे याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

उरलेला जिना चढून त्यांनी बंब अंकिताच्या दारात ठेवला. अंकिता दार उघडताच रडायला लागली. लालासाहेबांनी आधी घर पाहिलं, मग न्हाणीघर, मग गॅलरी. धूर कुठून जाईल ते बघायला गॅलरीच्या कठड्यावरून वाकून वर-खाली नजर टाकली. मग म्हणाले, “न्हाई बसत हितं. पन मला एक फोन करायचा हुतास की, बाय.”

“एवढं नाव घालून दिलंत, मामा. नको कसं म्हणायचं?”

लालासाहेब खुर्चीवर बसले. चहा आला, तो त्यांनी घेतला. परत खाली आल्यावर मात्र ते टेम्पोपाशी उभे राहून मला म्हणाले, “पोरीला माज्याम्होरं बोलाय भ्या वाटलं. मी कवा कुनावर आवाज चढवलाय?” हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्यानं रस्त्यापलीकडचा भाजीवाला उठून उभा राहिला. मग ते जरा खाली बघून म्हणाले, “तिला दुकानात सांगाय जमलं, मला सांगाय न्हाई जमलं. हे मला लय लागलं, जैनू.” त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्या खांद्याला चिकटलेले पोत्याचे धागे काढत राहिलो.

बंब ते स्वतःच्या घरी नेणार होते. साळूबाई भाचीचं नाव वाचत पाणी तापवतील, त्यात काही बिघडत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते पुढं बसले. मी मागं बंबापाशी चढलो, आणि या वेळी झोयाही मागं आली.

परतीचा रस्ता खंबाटकीच्या घाटातून आहे. घाट चढताना इंजिनाचा आवाज खूप असतो, त्यामुळं तिथं माणसाला थोडा धीर येतो. मी बंबाला धरून म्हणालो, “झोया, तू पुण्याला जाऊ नकोस. तू दुकानात पाहिजेस मला.”

मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही. चढ संपला, आवाज उतरला आणि बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती.

“मग इतके दिवस काय करत होता?” ती म्हणाली. “पाटी लावली, तुम्ही काही बोलला नाहीत. वाटण्यांचा तांब्या घेतला, मटणाचं पातेलं घेतलं, तुम्ही गप्प. बंब घेतला तेव्हा मला वाटलं, आता तरी ओरडतील. तुम्ही तो मोरीत नेऊन ठेवलात. मला वाटलं, अब्बांना काही फरकच पडत नाही. मी राहिले काय, गेले काय.”

एवढी सगळी सहनशीलता मी जिच्यासाठी दाखवली, तिनं तिचा हा अर्थ लावला होता. मी म्हणालो, मला वाटलं ओरडलो तर तू जाशील. ती म्हणाली, मला वाटलं ओरडत नाहीत म्हणजे जावं असंच म्हणतायत. पुढच्या वळणावर बंब ठण्ण वाजला आणि आम्ही दोघांनीही तो दोन बाजूंनी धरला.

घाट उतरल्यावर ती म्हणाली, पुण्याच्या कंपनीला उद्याच ‘येत नाही’ म्हणून कळवते. मी मान हलवली, पण मला तिथंच थांबवत नव्हतं, म्हणून खरंच कळव, असंही म्हणालो.

“पण गल्ल्यावर मी बसणार,” ती म्हणाली. “रोज. तुम्ही नाही.”

वडील गेल्यापासून त्या गादीवर माझ्याशिवाय कोणी कायमचं बसलेलं नाही. तिथली उशीसुद्धा माझ्या पाठीच्या आकाराची झाली आहे. मी लालासाहेबांकडं बघितलं. केबिनच्या मागच्या काचेतून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते झोपले होते.

“बस की,” मी म्हणालो.